पाच की नऊ?

आमच्या घरात भिंतीवरची घड्याळे दोन. एक बैठकीत, ते चारचौघांसारखे चालते. दुसरे दादांच्या माडीवरच्या खोलीत; ते बारा महिने साडेपाच तास मागे असते. नवखा पाहुणा ते पाहून मोठ्या आपुलकीने सांगतो, "सेल संपला वाटते जी." त्यावर वहिनींचे उत्तर ठरलेले आहे : "सेल नवाच आहे. माणूसच विलायतेत राहते."

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून सतरा वर्षांनी वडील. पुलगावच्या मिलमध्ये वीजखात्यात होते. मिल बंद पडली, भोंगा थांबला. पण दादांची माडीवरची पाळी काही संपली नाही. १९८६ साली परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, तेव्हापासून ही पाळी चालू आहे. ज्यांना या शौकाची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो : यात गाणी ऐकायची नसतात. आपले केंद्र आपणच मांडायचे, छपरावर तार ताणायची, आणि जगात कुठेतरी असाच एखादा गृहस्थ तार ताणून बसलेला असतो त्याच्याशी बोलायचे. प्रत्येकाला सरकारकडून एक सांकेतिक नाव मिळते, त्याला कॉलसाइन म्हणतात. आपल्याकडच्या वरच्या इयत्तेचे परवाने व्हीयू-टूने सुरू होतात, खालच्या इयत्तेचे व्हीयू-थ्रीने. राजीव गांधी व्हीयू-टू-आर-जी होते. आमचे दादाही व्हीयू-टूच. पुढची अक्षरे सांगत नाही. त्यांना आवडणार नाही.

पुलगावात छपरावर तार ताणणे ही सोपी गोष्ट नव्हे. गावाशेजारी सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागून स्फोट झाले आणि ती विझविताना कितीतरी माणसे गेली. ती रात्र इथे कोणी विसरलेले नाही. अशा गावात एखाद्याच्या माडीवर भलती तार दिसली की चौकशी होणारच, आणि ती रास्तच आहे. म्हणून दादांनी परवान्याची नक्कल चौकटीत बसवून ओसरीवर टांगली आहे, दत्ताच्या तसबिरीशेजारी. चौकशीला आलेला माणूस आधी दत्ताला हात जोडतो, मग परवाना वाचतो, आणि चहा घेऊन जातो.

या शौकात बोलण्याइतकेच लिहिण्याला महत्त्व आहे. कोणाशी, केव्हा, कोणत्या लहरीवर गाठ पडली ते टिपून ठेवावे लागते. १९७८ च्या नियमांत तर ही नोंदवही बांधीवच असावी, सुट्या पानांची नसावी, असे स्पष्ट लिहिले होते. दादांच्या अशा अकरा वह्या आहेत, लाल कापडी बांधणीच्या, वाण्याच्या खतावणीसारख्या. दर लक्ष्मीपूजनाला चालू वही पाटावर जाते. घरात दुकान नाही, देणे-घेणे नाही, पण वहिनी दरसाल वहीला हळदकुंकू वाहतात आणि दरसाल म्हणतात, "हिच्यात जमेचा रकाना नाही तो नाहीच."

त्या वह्यांतली एक मला पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटेपासून पुढचे आठ दिवस. टेलिफोन बंद पडले होते, आणि ठिकठिकाणचे हौशी रेडिओवाले लातूरकडे जाऊन निरोप पोचवीत होते. दादा इथे माडीवर बसून ऐकत. मी तेव्हा सोळा वर्षांचा. नाचणगावच्या एका घरचा निरोप त्यांनी टिपला. नाव, गावाचे नाव, आणि "दोघे सुखरूप" हे दोन शब्द. एवढ्यासाठी त्यांनी समोरच्या माणसाला तीनदा विचारले. दोघे की दोघी? सुखरूप कोण? मग कागद माझ्या हाती देऊन म्हणाले, "ऐकलं तेच लिवलं आहे. जा." मी सायकल हाणीत गेलो. त्या घरातल्या म्हातारीने कागद वाचून घेतला आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्या दिवसापासून दादांच्या कानांवर माझा जो विश्वास बसला तो तीस-एकतीस वर्षे तसाच होता.

आता मूळ कथेकडे येतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी या लोकांची एक जागतिक स्पर्धा असते. अठ्ठेचाळीस तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी आणि जास्तीत जास्त देशांशी गाठ घालायची. गाठ म्हणजे गप्पा नव्हेत. एकमेकांचे कॉलसाइन घ्यायचे, आवाज कसा येतो त्याचे गुण द्यायचे आणि आपल्या विभागाचा आकडा सांगायचा. जगाचे चाळीस विभाग पाडले आहेत. हिंदुस्थानचा आकडा २२. गुण मात्र सर्वांना एकच : पाच-नऊ, म्हणजे उत्तम. आवाज धड कळत नसला, तिसऱ्यांदा विचारावे लागत असले, तरी "आपण पाच-नऊ आहात." लग्नघरी जेवण कसे झाले या प्रश्नाला जे उत्तर असते त्यातलाच हा प्रकार. खरी परीक्षा कॉलसाइनची आणि आकड्याची. कारण स्पर्धा संपली की वह्या मध्यवर्ती ठिकाणी जातात आणि एकाची वही दुसऱ्याच्या वहीशी ताडून पाहतात. मी लिहिले की अमक्याला भेटलो, तर त्या अमक्याच्या वहीत मीही असलो पाहिजे. अक्षर चुकले तर गाठ बाद, वर दंड. भेट झाली हे दोघांनीही लिहिल्याशिवाय ती झालीच नाही! हा नियम आमच्या नातेवाइकांत लावला तर निम्मे मानापमान मिटतील.

२०२४ साली ही स्पर्धा २६ आणि २७ ऑक्टोबरला आली. २८ ला वसुबारस. म्हणजे चकल्यांच्या ऐन घाण्यात. तेवढ्यात पुण्याहून आमचा पुतण्या तीन लॅपटॉप, दोरखंडाएवढ्या वायरी आणि एक बेत घेऊन हजर झाला. तो व्हीयू-थ्री आहे आणि संगणकाच्या धंद्यात आहे. त्याचे म्हणणे, या वेळी घर मिळून उतरायचे. माडीवर दादांचा बोलका रेडिओ, खालच्या खोलीत नुसता ऐकण्याचा दुसरा रेडिओ. तिथून तो नवे देश हेरणार. आणि वही एकच, संगणकावरची, सर्व यंत्रांत एकदम दिसणारी.

"माझी वही?" दादांनी विचारले.

"बाबा, तुमची तुम्ही लिहाच. पण दोन ठिकाणी दोघं बसलो तर एकाला कळणार कसं दुसऱ्यानं कोणाला घेतलं ते?"

यात तथ्य होते. एका लहरीवर एका केंद्राची गाठ एकदाच धरतात. दुसऱ्यांदा घातली तर तेवढा वेळ फुकट. पूर्वी दादा यासाठी मिलच्या रुळाच्या मोठ्या कागदावर चौकटी आखीत आणि कॉलसाइनच्या शेवटच्या अक्षराप्रमाणे त्यात नावे भरीत. समोरच्याचे नाव ऐकले की डोळा त्या चौकटीकडे. एका माणसाला ते जमते. दोन खोल्यांतल्या दोन माणसांना एक कागद कसा पुरणार?

पुतण्याने आणलेल्या आज्ञावलीचे नाव एन-वन-एम-एम. ज्या अमेरिकन गृहस्थाने ती प्रथम लिहिली त्याचे हे कॉलसाइन. आता बरेच हौशी लोक मिळून ती सांभाळतात आणि कोणालाही फुकट देतात. तिची रचना मला आवडली. मुख्य वही एका यंत्रात आणि बाकीची यंत्रे तिच्याकडे पाहणारी, असे नाही. प्रत्येक यंत्रात पूर्ण वही असते. एकात ओळ लिहिली की ती बाकीच्यांना कळविली जाते आणि ते आपापल्या वहीत लिहून घेतात. मधली वायर तुटली तर प्रत्येकजण आपले काम चालू ठेवतो आणि जोडणी झाल्यावर राहिलेल्या ओळी मागून घेतो. एका यंत्राला मास्टर नेमावे लागते; ताळा त्याच्याशी करायचा. एकत्र कुटुंबाची याहून बरी व्यवस्था मी पाहिली नाही.

पण कुटुंब जमायला शुक्रवारची रात्र गेली. आधी दोन यंत्रे एकमेकांना ओळखीनात. दोन्ही एकाच कचेरीतून जुनी म्हणून घेतलेली. दोघांनाही तिथे एकच नाव दिलेले. हजेरीत एका नावाचे दोन विद्यार्थी आले की माझे जे होते तेच त्या आज्ञावलीचे झाले. एकाचे नाव "माडी" ठेवले, दुसऱ्याचे "खालची". मग "खालची"त आज्ञावलीची आवृत्ती जुनी निघाली. ती सारखी केली, तर फायरवॉल नावाचा पहारेकरी कोणालाच आत घेईना; त्याला प्रत्येक यंत्रावर वेगळी परवानगी समजावून द्यावी लागली. रात्री अकरा वाजता तिसरे यंत्र स्वयंपाकघराच्या खिडकीत बसले, ते केवळ वहिनींना गुणसंख्या दिसावी म्हणून. या आज्ञावलीत एका यंत्रावरून दुसऱ्यावर निरोप धाडायची सोय आहे. आमच्या जाळ्यातून गेलेला पहिला निरोप स्वयंपाकघरातून निघाला : "ताटे घेतली आहेत."

जेवून पुन्हा बसलो तर नवीनच विघ्न. दादा माइकवर बोलू लागले की जाळे बंद पडे, थांबले की चालू होई. मला वाटले वायर सैल आहे. दादांनी मात्र प्रथमच त्या यंत्रांकडे ममतेने पाहिले. हा त्यांच्या हद्दीतला रोग होता. रेडिओची शक्ती त्या लांबलचक वायरींवर चढत होती. वायर कसली, तीही एक एरियलच. त्यांनी पेटीतून फेराइटची काळी कडी काढली आणि प्रत्येक वायरीचे पाच-सहा वेढे एकेका कड्यातून घातले. विघ्न गेले. "तुमचं कॉम्प्युटर, माझं कडं," दादा म्हणाले. पुतण्याने वडिलांच्या पायांना हात लावला. थट्टेने, पण लावला.

घड्याळे जुळविली. विलायती मध्यरात्रीला, म्हणजे आमच्या पहाटे साडेपाचला स्पर्धा सुरू झाली.

माझे काम लेखनिकाचे. लेखनिकाला परवाना लागत नाही, तो बोलत नाही. दादांच्या शेजारी खुर्ची, कानांवर त्यांच्याच रेडिओला जोडलेला दुसरा हेडफोन, समोर "माडी". दादा डोळे मिटून ऐकतात. ती त्यांची जुनी सवय. ऐकलेले मोठ्याने म्हणतात, स्वतःच्या लाल वहीत लिहितात, आणि मी यंत्रावर. सकाळी जपानी मंडळी भेटली. दुपारी दहा मीटरच्या लहरीवर युरोप असा उघडला की विचारू नका. सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे चक्र त्या वर्षी ऐन भरात होते, आणि डाग वाढले की या आखूड लहरी दूर जातात. इटली, पोलंड, फिनलंड; सगळे एकाच वेळी ओरडत होते. आर्वीच्या बाजारात बैल विकायला आल्यासारखा तो गलका. त्यातून दादा एकेक नाव अलगद उचलीत. मी बघतच राहिलो.

शनिवारी चारच्या सुमारास पोलंडचा एक गृहस्थ आला. एस-पी, मग आकडा, मग तीन अक्षरे. दादा म्हणाले, "एस-पी-पाच." मी टंकायला बोट उचलले आणि थबकलो. मला नऊ ऐकू आले होते. दादांनी त्याला त्याचे नाव परत सांगितले, पाच म्हणून. तिकडून तो म्हणाला, "नाइन, नाइन!" दादा शांतपणे म्हणाले, "थँक यू," आणि वहीत पाच लिहिले.

मी कागदाच्या चिठोऱ्यावर "९?" असे लिहून पुढे सरकविले. दादांनी डोळा किलकिला करून पाहिले आणि मान हलविली. "पाच."

मी नऊ टंकले.

पुढे इटलीचा एकजण आला. त्याने आपला विभाग फिफ्टीन सांगितला. इटलीचा तोच आहे. दादांनी सोळा लिहिला. मग पुन्हा एक पाच, एक नऊ. मी माझ्या कानाला आले ते टंकीत गेलो. मनाची समजूत घातली की त्यांच्या वहीत त्यांचे, यंत्रात खरे. संध्याकाळी शेजाऱ्यांनी दिव्यांच्या नव्या माळा लावल्या आणि रेडिओत घरघर सुरू झाली. स्वस्तातल्या माळांचे वीजपुरवठे असा उपद्रव करतात. दादा वैतागले, "या लायटिंगनं कान खाल्ले." मला किती हायसे वाटले! शेजाऱ्यांकडे जाऊन मी हात जोडले; त्यांनी बिचाऱ्यांनी दोन रात्री माळा बंद ठेवल्या. घरघर थांबली. पाचाचे नऊ आणि नवाचे पाच थांबले नाहीत.

मी महाविद्यालयात भाषाशास्त्र शिकवितो. ध्वनिविचाराचे व्याख्यान मला झोपेत देता येईल. फाइव्ह आणि नाइन यांचा स्वर एकच. वेगळेपण सगळे कडेच्या व्यंजनांत. फिफ्टीन आणि सिक्स्टीन यांचेही तेच. फ आणि स हे घर्षक. त्यांत जोर थोडा आणि त्यांची वस्ती वरच्या पट्टीत. रेडिओवरचा आवाज वरून आधीच छाटलेला असतो, त्यामुळे ते आणखी दुबळे होतात. म्हणूनच वैमानिक पाचाला फाइफ आणि नवाला नायनर म्हणतात. आणि वय झाले की माणसाचा कान वरच्या पट्टीकडूनच उतरू लागतो. हे सारे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण त्या रात्री माझ्या शेजारी डोळे मिटून बसलेल्या माणसाकडे पाहताना ते मला ज्ञान वाटेना, चहाडी वाटू लागली.

आणखी एक गोष्ट टोचत होती. उत्तरपत्रिकेवरचा आकडा बदलला तर परीक्षकाने शेजारी सही करावी लागते. मी छत्तीस तास सही न करता आकडे बदलीत होतो. आणि ही वही एकाची नव्हती. मी ओळ लिहिली की ती खालच्या खोलीत उमटे. रविवारी पहाटे पुतण्याचा निरोप पडद्यावर आला : "काका, बाबा मोठ्यानं पाच म्हणतात, तुम्ही नऊ लिहिता. मला खाली ऐकू येतं." मी उत्तर लिहिले, "नंतर बोलू." बांधीव वहीत ही गोष्ट दोन पुठ्ठ्यांमध्ये राहिली असती. जाळ्यात ती पहिल्या मिनिटाला घरभर झाली होती. नशीब, वहिनी त्या वेळी झोपल्या होत्या.

सोमवारी पहाटे साडेपाचला रेडिओ बंद झाले. एकूण गाठी ६३८. त्यांतल्या ४१२ दादांच्या. पुतण्या जमिनीवरच झोपला. दादा झोपले नाहीत. आंघोळ करून आले, लाल वही उघडली आणि म्हणाले, "वाच तुझं. ताळा करू."

मिलमध्ये त्यांनी मीटरचे आकडे तीस वर्षे ताडले होते. सुटका नव्हती. मी यंत्रावरून वाचीत गेलो, ते वहीवर बोट फिरवीत गेले. फरक आला की पेन्सिलीने बारीक फुली. खाली वसुबारसेची पूजा चालली होती, वहिनींनी दोनदा हाक मारली. दहा वाजता काम संपले. फुल्या ३६.

"हे तू बदललंस?"

"मला तसं ऐकू आलं, दादा."

"मग बोलला काहून नाहीस?"

मी गप्प बसलो. त्यांनी फुल्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरविले. एकतीस ठिकाणी पाच-नऊ किंवा पंधरा-सोळा. दादांना भाषाशास्त्र येत नाही. पण तीन दिवस कधीकधी बंद पडणाऱ्या मोटारीचा दोष कुठे असेल हे नुसत्या टिपणावरून सांगणारा तो माणूस. एकाच जातीच्या चुका दिसल्या की तो यंत्राकडे वळतो. त्यांनी रेडिओ टेबलावर घेतला आणि झाकण उघडले. दिवसभर ते फिल्टर तपासीत होते. एका उपकरणातून आवाजाच्या एकेक पट्ट्या आत सोडीत आणि बाहेर किती येतात ते मोजून कागदावर मांडीत. हेडफोन बदलून पाहिला. माझा त्यांनी लावला, त्यांचा मला लावला. जेवायला आले नाहीत. दिवेलागणीला खाली उतरले, पितळी समईपाशी उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिले आणि म्हणाले,

"रेडिओ चांगला आहे."

एवढेच. वहिनींना त्याचा अर्थ कळला नाही, असे मी त्या वेळी समजलो. मागाहून कळले की दूरदर्शनचा आवाज दोन वर्षांपासून वाढत असल्याचे त्यांनी केव्हाच हेरून ठेवले होते.

वही पाच दिवसांत पाठवायची होती. पुतण्याचे म्हणणे, यंत्रातली वही बरोबर आहे, ती पाठवा. आकडे ऐन वेळी ऐकून लिहिलेले आहेत, मागून दुरुस्त केलेले नाहीत. नियमाने तो बरोबर असेलही. पण दादांनी विचारले, "ऐकलं कोणी? तुझ्या काकाजवळ परवाना आहे काय?" बराच वाद झाला. पुतण्या रजा टाकून आला होता, दोन रात्री जागला होता; त्याचा आवाज चढला. "मग पाठवूच नका!" तो म्हणाला. दादा म्हणाले, तसेही करता येत नाही. आपण वही दिली नाही तर पलीकडच्या ६३८ जणांच्या भेटीला साक्षीदार राहत नाही.

शेवटी दादांनीच वाट काढली. या स्पर्धेत नुसत्या तपासणीपुरती वही देण्याची एक वर्गवारी आहे. तिला क्रमांक नाही, गुण नाहीत. दुसऱ्यांच्या वह्या ताडायला ती वापरतात. यंत्रातली वही त्या वर्गात गेली. पुतण्याने कळ दाबली आणि संध्याकाळच्या गाडीने जायचे म्हणून सामान भरू लागला. वहिनींनी त्याला लक्ष्मीपूजन झाल्याशिवाय हलू दिले नाही. पूजेच्या वेळी पाटावर कोणती वही ठेवायची, असा प्रश्न मी भीतभीत विचारला. दादांनी लालच ठेवली. फुल्यांसकट. प्रत्येक फुलीपुढे त्यांनी शाईने माझा आकडा लिहिला होता, आणि खाली सही.

भाऊबीज झाल्यावर मी त्यांना सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात घेऊन गेलो. कानाची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसून सूर ऐकू आला की बटण दाबायचे. डॉक्टर बाई बाहेर आलेख काढीत होत्या. खालच्या पट्टीत रेघ सरळ, वरच्या पट्टीत उतरंड. बाई हळूच, सांभाळून समजावून सांगू लागल्या. दादांनी आलेख हातात घेतला, चष्मा वर केला आणि जवळजवळ आनंदाने म्हणाले, "अरे, हा तर लो-पास फिल्टर आहे!" बाई माझ्याकडे पाहू लागल्या. श्रवणयंत्राची चिठ्ठी घेऊन आम्ही परत निघालो. गाडीत दादा सारा वेळ त्या आलेखाकडे बघत होते. दहेगाव गेल्यावर म्हणाले, "सहाशेपर्यंत काहीच गेलं नाही रे."

मला त्याचा अर्थ नोव्हेंबरात कळला. याच स्पर्धेची दुसरी फेरी नोव्हेंबरच्या अखेरीस असते, बोलण्याची नव्हे, मोर्सच्या कडकट्टाची. मोर्सला एकच सूर पुरतो, आणि तो कोणत्या पट्टीत ऐकायचा हे ऐकणाऱ्याच्या हातात असते. दादांनी तो साडेपाचशे हर्ट्झवर आणून ठेवला. मोर्समध्ये पाच म्हणजे पाच टिंबे. नऊ म्हणजे चार रेघा आणि एक टिंब. या दोहोंत घोटाळा करायला माणूस मुद्दाम बसला तरी जमणार नाही.

२२ तारखेला, शुक्रवारी रात्री पुतण्या पुन्हा आला. रागाचा विषय त्याने काढला नाही, दादांनी काढला नाही. जाळे अर्ध्या तासात उभे राहिले. कडी वायरींवरच होती. पहाटे साडेपाचला मी माझ्या खुर्चीत बसलो, हेडफोन चढविला, आणि काय सांगू! पिपाणीवाल्यांची जत्रा भरली आहे आणि सगळे एकदम वाजवीत आहेत, यापलीकडे मला काही म्हणजे काही कळेना. दादा डोळे मिटून सावकाश म्हणत होते, "एस. पी. नऊ..." त्यांच्या तोंडून येईल ते मी टंकीत होतो. माझ्या कानांचा काडीचा उपयोग नव्हता.

दुपारी केव्हातरी डुलकी आली असावी. पडद्यावर खालच्या खोलीतून निरोप उमटला : "काका, शेवटच्या ओळीत ९ हवा. तुम्ही ५ लिहिलात."

"काय म्हणते तो?" दादांनी डोळे न उघडता विचारले.

"माझं चुकलं म्हणते," मी म्हणालो, आणि आकडा दुरुस्त केला.